पळून जाणे हा आजार ठरवणारे डॉक्टर

आपल्या समाजातला एखादा विद्यार्थी आत्महत्या करतो, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून एकच शब्द फिरू लागतो: डिप्रेशन. प्रशासन तो शब्द वापरते, वर्तमानपत्रे वापरतात, आणि दोनचार दिवसांत आपलेही काही लोक वापरू लागतात. मग टीव्हीवर कोणी तज्ज्ञ समजावून सांगतो की हा मेंदूतील रसायनांचा असमतोल असतो, मधुमेहासारखाच एक आजार असतो, कोणालाही होऊ शकतो. बोलणारा माणूस बहुधा चांगल्या हेतूने बोलत असतो. पण त्या वाक्याने एक काम चोख होते. बंद झालेली फेलोशिप, वसतिगृहातून हकालपट्टी, ऑपरेशन थिएटरमधले टोमणे, हे सगळे प्रश्नाच्या बाहेर जाते आणि चौकशी मेलेल्या माणसाच्या कवटीच्या आत सुरू होते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही औषधांच्या विरोधात नाही. ज्याची गोळी सुरू आहे त्याने हा लेख वाचून ती बंद करू नये. मेंदू हा शरीराचाच भाग आहे आणि तो आजारी पडतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. मनाच्या आजाराचे कारण शरीरात, रक्तात, वंशात आहे असे जेव्हा जेव्हा सांगितले गेले, तेव्हा ते कोणी सांगितले, कोणाबद्दल सांगितले आणि त्यातून कोणाची सुटका झाली? याला इतिहास आहे. तो आपल्या कार्यकर्त्यांनी वाचायला हवा, कारण त्यातली माणसे आपल्याला ओळखीची वाटतील.

१८५१ साली अमेरिकेतील लुईझियाना राज्यात सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने तिथल्या वैद्यकीय संघटनेपुढे एक अहवाल मांडला. विषय होता निग्रो वंशाचे आजार आणि त्यांची शारीरिक वैशिष्ट्ये. त्याच वर्षी तो न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय मासिकात छापला गेला. त्यात त्याने एका नव्या मानसिक रोगाचे नाव जाहीर केले: ड्रेपेटोमेनिया. ग्रीक भाषेत पळून गेलेल्या गुलामाला जो शब्द आहे त्यावरून त्याने हे नाव घडवले. रोगाचे लक्षण एकच होते. रुग्ण मालकाला सोडून पळून जातो.

हसू येईल, पण कार्टराइट हा कोणी भोंदू नव्हता. तो आपल्या भागातला नावाजलेला डॉक्टर होता आणि त्याची मांडणी त्या काळच्या शास्त्राच्या भाषेत होती. काळ्या माणसाची फुप्फुसे लहान असतात, ती गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी हवा घेतात, त्यामुळे रक्त नीट शुद्ध होत नाही, मेंदू मंद राहतो, म्हणून त्याला मालकाची गरज असते, अशी त्याची साखळी होती. फुप्फुसांची हवा मोजायला त्याच्याकडे यंत्र होते. म्हणजे आकडा होता, यंत्र होते, ग्रीक नाव होते. काय नव्हते? गुलामाला विचारलेला एक साधा प्रश्न नव्हता, की बाबा रे, तू का पळालास?

रोग टाळण्याचा उपायही त्याने दिला. मालकाने गुलामाला बरोबरीने वागवू नये आणि फार क्रूरपणेही वागवू नये. मुलासारखे सांभाळावे, आणि कोणी विनाकारण रुसलेला, असमाधानी दिसू लागला तर वेळीच चाबकाने ते खूळ उतरवावे. त्याने दुसराही एक रोग शोधला होता. त्यात गुलाम अवजारे मोडतो, पिकाची नासाडी करतो, काम अर्धवट टाकतो, आणि त्याची कातडी इतकी बधिर होते की मार लागत नाही. मुकादम याला हरामखोरी म्हणतात, पण त्यांना वैद्यक कळत नाही, असे या डॉक्टरचे म्हणणे. उपचार: अंग साबणाने धुवावे, तेल लावावे, ते तेल रुंद चामड्याच्या पट्ट्याने मारून मारून अंगात जिरवावे आणि मग रुग्णाला उन्हात लाकडे फोडायला लावावे. उपचार आणि शिक्षा यांत फरक करून दाखवा!

आता वर्ष पाहा. १८५० मध्ये अमेरिकन संसदेने फरारी गुलामांचा कायदा कडक केला होता. उत्तरेकडच्या मुक्त राज्यात पोचलेल्या माणसालाही पकडून मालकाच्या ताब्यात देणे बंधनकारक झाले होते. पळणाऱ्यांचा प्रश्न मालकांच्या डोक्यावर बसलेला होता. कायद्याने जे करायचे ते केले, पुढच्या वर्षी वैद्यकाने आपला वाटा उचलला.

याच काळात, १८४९ मध्ये, मेरीलँडमधून हॅरिएट टबमन पळाली. ती नुसती पळाली नाही, पुन्हा पुन्हा परत जाऊन सुमारे सत्तर माणसांना सोडवून घेऊन आली. आणि गंमत अशी की तिच्या मेंदूला खरोखरच इजा होती. लहान वयात एका मुकादमाने दुसऱ्या गुलामावर फेकलेले लोखंडी वजन तिच्या डोक्यात बसले होते. आयुष्यभर तिला बोलता बोलता अचानक गाढ झोप लागे, डोके ठणके. कार्टराइटच्या यादीत मुकादमाच्या वजनाने होणाऱ्या आजाराला नाव नाही. मेंदूची जी खरी जखम होती तिचे कारण मेंदूच्या बाहेर, एका माणसाच्या हातात होते. ही गोष्ट आम्हाला या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते.

कार्टराइटच्या आधी अकरा वर्षे आकड्यांचा खेळ झालेला होता. १८४० च्या अमेरिकन जनगणनेत पहिल्यांदा वेड्या आणि मतिमंद माणसांची वर्णवार मोजणी झाली. निष्कर्ष असा निघाला की दक्षिणेतल्या गुलाम राज्यांत काळ्यांमध्ये वेडेपणा अगदी कमी, आणि उत्तरेत, जिथे ते स्वतंत्र आहेत, तिथे कितीतरी पटींनी जास्त. मेन राज्यात तर दर चौदा काळ्यांमागे एक वेडा! गुलामीचे समर्थक खूष झाले. स्वातंत्र्य काळ्या मेंदूला झेपत नाही, हे आता सरकारी कागदावर आले. परराष्ट्रमंत्री जॉन कॅलहून याने १८४४ मध्ये ब्रिटिश राजदूताला लिहिलेल्या पत्रात हेच आकडे गुलामीच्या बचावासाठी वापरले.

मॅसॅच्युसेट्समधला एक डॉक्टर, एडवर्ड जार्व्हिस, आधी या आकड्यांवर विश्वास ठेवून बसला होता. मग त्याने गावनिहाय तक्ते उघडले. कित्येक गावांत एकही काळा माणूस राहत नव्हता, तरी तिथे वेडे काळे नोंदलेले होते. वूस्टर गावात १३३ वेडे काळे दाखवले होते. प्रत्यक्षात ते तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातले गोरे रुग्ण होते, रकाना चुकला होता. जेम्स मॅक्यून स्मिथ या काळ्या डॉक्टरनेही या जनगणनेची चिरफाड केली. अमेरिकेतल्या कॉलेजांनी त्याला वर्णामुळे प्रवेश नाकारला म्हणून त्याने स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला जाऊन १८३७ मध्ये पदवी घेतली होती. परदेशात शिकून आलेला, आकडेशास्त्र हातात घेऊन आपल्या समाजाची बाजू मांडणारा विद्वान. आपल्याला वेगळे काय सांगायला हवे! संसदेपर्यंत तक्रार गेली, जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी प्रश्न लावून धरला. जनगणना दुरुस्त झाली नाही.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे झाले, आपला काय संबंध? संबंध असा की माणसाचे मन त्याच्या जन्मावरून ठरते हा सिद्धांत आपल्या देशात कार्टराइटच्या कितीतरी शतके आधीपासून आहे. आपल्याकडे त्याला यंत्र लागले नाही, त्रिगुण पुरले. सत्त्व एकाच्या वाट्याला, तम दुसऱ्याच्या, आणि वाटणी जन्मानेच. गीतेने चातुर्वर्ण्याला या उपजत गुणांचा तात्त्विक आधार कसा दिला, हे बाबासाहेबांनी उलगडून दाखवले आहे. इंग्रज आल्यावर या जुन्या समजुतीला नव्या शास्त्राची जोड मिळाली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा झाला तेव्हा युक्तिवाद असा होता की सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराच्या जातीतला मुलगा चोरच निपजणार. आधी उत्तर भारतात आणि १९११ नंतर देशभर हा कायदा पसरला. सोलापुरात तारेच्या कुंपणामागे सेटलमेंट उभी राहिली. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतले मूल पाळण्यात असतानाच संशयित ठरले. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण पारधी वस्तीवर रात्री पोलिसांची गाडी का येते हे विचारायला आजही वस्तीतच जावे लागते.

बाबासाहेबांना या जीवशास्त्री युक्तिवादाचा धोका चांगलाच माहीत होता, कारण त्यांच्या काळात तो जगभर प्रतिष्ठित होता. अमेरिकेत १९०७ पासून इंडियाना आणि मग इतर राज्यांनी ‘हीन’ ठरवलेल्या लोकांच्या सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या गरीब मुलीची नसबंदी वैध ठरवली. आरोप काय, तर ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघीही मतिमंद. कॅरीवर बलात्कार झाला होता आणि ते मूल त्यातून जन्मले होते. ती तान्ही मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी वारली. साठ हजारांहून अधिक माणसांची अमेरिकेत अशी नसबंदी झाली. जर्मनीने १९३३ मध्ये तसाच कायदा केला, स्किझोफ्रेनिया आणि मॅनिक-डिप्रेशन हे आजार थेट त्या कायद्याच्या यादीत घातले, सुमारे चार लाख माणसांची नसबंदी केली. १९४० आणि १९४१ मध्ये तर मनोरुग्ण आणि अपंग अशा सत्तर हजारांहून अधिक लोकांना वायूच्या खोल्यांत मारले. हे करणाऱ्यांत पदवीधर मानसोपचारतज्ज्ञ होते.

याच काळात, १९३६ मध्ये, बाबासाहेब जातिनिर्मूलनाच्या भाषणात या सुप्रजननशास्त्राच्या दाव्याला सामोरे गेले. जात ही वंशशुद्धीसाठी आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी दोन सरळ प्रश्न विचारले. रक्ताची शुद्धता राखायची म्हणून बेटीबंदी असेल, तर रोटीबंदी कशासाठी? जेवणाने रक्त बदलते काय? आणि हजारो वर्षे निवडून निवडून प्रजा काढली असेल, तर या देशात बलदंड माणसे का नाहीत, बहुसंख्य लोक सैन्यभरतीलाही का अपात्र ठरतात? पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, हेही त्यांनी तिथे मांडले. पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी नाकाच्या मापांचे तक्तेच घेतले. ज्या मापांनी उच्चनीच वंश सिद्ध करायचा होता, त्याच मापांनी अस्पृश्यतेचा वंशसिद्धांत पाडला. जात ही मनाची अवस्था आहे, असे ते म्हणाले. आजारी कोण, याचे त्यांचे निदान तर उलटेच होते: रोगी आहे तो जात पाळणारा समाज, आणि त्या रोगाचा त्रास इतरांना होतो आहे.

वसाहतींत हेच वेगळ्या नावाने चालले. अल्जीरियात आंत्वान पोरो आणि त्याच्या शिष्यांनी शिकवले की अल्जीरियन माणसाच्या मेंदूचा वरचा थर पुरेसा विकसित नसतो, म्हणून तो आवेगाच्या भरात खून करतो. केनियात कॅरोथर्स नावाच्या डॉक्टरने आफ्रिकी माणूस मेंदूच्या पुढच्या भागाचा वापरच कमी करतो असे लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९५३ मध्ये त्याचा ग्रंथ छापला, आणि पुढच्याच वर्षी केनिया सरकारने त्याच्याकडून माऊ माऊ उठावाचे मानसशास्त्र लिहून घेतले. जमीन हिसकावली म्हणून लोक उठले, हे त्यात दुय्यम. फ्रान्झ फॅनॉन १९५३ मध्ये ब्लिडाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला तेव्हा त्याच्याभोवती पोरोचीच शिकवण होती. १९५६ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि तो मुक्तिलढ्यात गेला. फॅनॉनवर आपल्या अभ्यासवर्गांत बोलले जाते, पण बहुधा हिंसेच्या प्रश्नावर. तो मानसोपचारतज्ज्ञ होता, त्याने रुग्ण तपासले होते, हे आपण विसरतो.

आता १९६७. जुलै महिन्यात डेट्रॉइट पेटले, ४३ माणसे मेली. सप्टेंबरमध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या मासिकात तीन डॉक्टरांचे पत्र आले: मार्क, स्वीट आणि एर्व्हिन. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. गरिबी, बेकारी, वाईट घरे ही कारणे सगळ्यांना दिसतात. पण झोपडपट्टीत लाखो लोक राहतात, त्यातले थोडेच दगड मारतात, जाळपोळ करतात. मग या थोड्यांत काय वेगळे आहे? कदाचित त्यांच्या मेंदूत बिघाड असेल, तो शोधला पाहिजे.

हा युक्तिवाद नीट लक्षात ठेवा. तो आपल्याकडे रोज ऐकू येतो. त्याच कॉलेजात शंभर आरक्षित जागांवरचे विद्यार्थी होते, नव्याण्णव शिकले, एकानेच जीव दिला, म्हणजे दोष त्या एकातच. ऐकायला बिनतोड वाटते. याचे उत्तर आम्ही पुढे देणार आहोत, आणि तेही जीवशास्त्राच्याच इतिहासातून.

त्याआधी मिशिगनमधल्या आयोनिया मनोरुग्णालयाचे सांगतो. जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञाने तिथली जुनी कागदपत्रे तपासून पुस्तक लिहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्किझोफ्रेनिया हे निदान तिथे बहुधा गोऱ्या, निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या रुग्णांना, घरकाम जमेनासे झालेल्या बायकांनाही मिळत होते. साठच्या दशकात ते निदान डेट्रॉइटच्या काळ्या पुरुषांकडे सरकले. १९६८ मध्ये निदानाच्या अधिकृत पुस्तकाची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात संशयी स्किझोफ्रेनियाच्या वर्णनात शत्रुत्व आणि आक्रमकता आली. त्याच वर्षी दोन डॉक्टरांनी काळ्यांच्या चळवळीतून उद्भवणाऱ्या ‘निषेधाच्या मनोविकृती’वर लेख लिहिला. १९७४ मध्ये मानसोपचाराच्या मासिकात एका औषधाची जाहिरात आली, तिच्यात शहरी रस्त्यावर मूठ आवळलेला काळा माणूस होता. ती मूठ कोणत्या चळवळीची, हे अमेरिकेत शेंबड्या पोरालाही कळत होते. दलित पँथरचे तरुण ज्या ब्लॅक पँथरकडे पाहून उभे राहिले, त्यांच्याच मुठीवर तिकडे इंजेक्शन निघाले होते.

इथवर वाचून कोणी निष्कर्ष काढेल की मानसिक आजाराची जैविक कारणे म्हणजे सगळे थोतांड. असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला भेटतात. ते चूक आहे. चूक कशी, ते पेलाग्रा या रोगाच्या इतिहासावरून समजते, आणि डेट्रॉइटच्या त्या तीन डॉक्टरांचे उत्तरही तिथेच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात पेलाग्राची साथ पसरली. उन्हात उघड्या पडणाऱ्या हातांवर, मानेवर भाजल्यासारखे चट्टे, मग जुलाब, मग भ्रम, उदासी, बडबड, आणि शेवटी मृत्यू. वेड्यांची इस्पितळे या रुग्णांनी भरली. गरीब काळे आणि गरीब गोरे, दोघेही त्यात होते. काही डॉक्टर म्हणाले, संसर्ग आहे. अमेरिकेतील सुप्रजननवाद्यांचा पुढारी चार्ल्स डेव्हनपोर्ट याने १९१६ मध्ये पेलाग्रातील आनुवंशिक घटकावर लेख लिहिला. घराण्याघराण्यांत रोग दिसतो, म्हणजे रक्तात काहीतरी आहे.

सरकारी आरोग्य खात्याने जोसेफ गोल्डबर्गरला पाठवले. हा हंगेरीतून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला, न्यूयॉर्कच्या वस्तीत वाढलेला डॉक्टर. त्याने मनोरुग्णालये आणि अनाथाश्रम पाहिले आणि एक गोष्ट टिपली. रुग्णांना आणि मुलांना पेलाग्रा होतो, त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिकांना, नोकरांना होत नाही. संसर्ग असता तर त्यांनाही झाला असता. मग फरक कशात? ताटात. रुग्णांना मक्याचे पीठ, मळी आणि चरबी. कर्मचाऱ्यांना दूध, अंडी, मांस. त्याने मिसिसिपीतल्या अनाथाश्रमांत मुलांचे जेवण बदलले आणि रोग नाहीसा झाला. १९१५ मध्ये रँकिन तुरुंगाच्या शेतावर उलटा प्रयोग केला. माफीच्या बदल्यात तयार झालेल्या निरोगी कैद्यांना फक्त मक्याचे जेवण दिले, आणि काही महिन्यांत सहा जणांना पेलाग्रा झाला. कैद्यांवरचा असला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, देऊही नये. तरी विरोधक ऐकेनात, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्याची बायको मेरी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेतले, त्यांच्या विष्ठेच्या गोळ्या करून गिळल्या. कोणालाही रोग झाला नाही.

पण गोल्डबर्गर ताटापाशी थांबला नाही. एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्याने साउथ कॅरोलिनातल्या कापडगिरण्यांच्या गावांत घरोघर मिळकत मोजली. मिळकत कमी तिथे पेलाग्रा जास्त. मक्याखेरीज काही का मिळत नाही? कारण जमीनमालक कुळाला दारापर्यंत कापूस लावायला लावतो, भाजीला वाफा नाही, गायीला चारा नाही, आणि दुकानही मालकाचे, उधारीवर. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना हे झोंबले. आमच्या भागाची बदनामी करता, म्हणून ते खवळले. जीवनसत्त्वाचा शोध १९३७ मध्ये लागला, नायसिन. तोपर्यंत गोल्डबर्गर मरून आठ वर्षे झाली होती.

आता डेट्रॉइटचा प्रश्न इथे लावा. मका खाणाऱ्या प्रत्येकाला पेलाग्रा झाला नाही. रँकिनलाही सगळे कैदी आजारी पडले नाहीत. मग ज्या सहांना झाला त्यांच्या रक्तात दोष होता म्हणायचे काय? शरीराशरीरांत फरक असतोच. कोणाचे सहन करते, कोणाचे करत नाही. पण ताट बदलताच रोग सगळ्यांचा जातो, आणि घराणे तपासून एकाचाही जात नाही. कोण आधी पडेल हे शरीर ठरवत असेल. सगळ्यांना कड्यापाशी कोणी आणून उभे केले, हा प्रश्न वेगळा आहे, आणि पहिला तो आहे.

ही गोष्ट आपल्या भाकरीपर्यंत येते. हैदराबादमध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दाखवले की दख्खनच्या पठारावर मका न खाणाऱ्या, ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आहे. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाचे प्रमाण जास्त असल्याने असे होते, अशी त्यांची मांडणी होती. ज्वारीच्या भाकरीला दोष देण्याचे कारण नाही. तिच्याबरोबर डाळ, दूध, अंडे, मटण असेल त्याला काही होत नाही. पेलाग्रा होतो तो भाकरीबरोबर मीठमिरचीच असणाऱ्याला. ७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगणारी आपली म्हातारी माणसे ‘उपासमारीनं डोकं फिरायचं’ असे म्हणतात. आपण ते बोलण्याची रीत समजून सोडून देतो.

राहिला रसायनांचा असमतोल. १९५२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका टीबी रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे औषध दिल्यावर रुग्ण उत्साही दिसू लागले. पुढे ते नैराश्यावर वापरले गेले. ते मेंदूतल्या काही रसायनांचे प्रमाण वाढवते असे कळल्यावर उलट दिशेने तर्क झाला: औषधाने रसायन वाढते आणि माणसाला बरे वाटते, म्हणजे रसायन कमी पडल्यानेच आजार झाला असणार. क्रोसिनने ताप उतरतो म्हणून अंगात क्रोसिन कमी पडल्याने ताप आला, असे कोणी म्हणत नाही. पण साठच्या दशकात हा सिद्धांत शास्त्रज्ञांनी गृहीतक म्हणून मांडला आणि प्रोझॅक बाजारात आल्यावर कंपन्यांनी तो सत्य म्हणून विकला. २०२२ मध्ये लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. सेरोटोनिन कमी असल्याने नैराश्य येते याला सुसंगत पुरावा त्यांना सापडला नाही. त्यावर वाद झाले, चालू आहेत. औषधाने कोणाला फरक पडतो की नाही, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि बायपोलरमध्ये लिथियमने माणसे सावरतात, हेही तितकेच खरे. वस्तीत अशा रुग्णाला दर्ग्यात, देवळात किंवा बाबाकडे बांधून ठेवणे हा कोणताही परिवर्तनवाद नाही. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात असलेले २८ जण पळू शकले नाहीत. पळण्याची इच्छा हा रोग नसतो, हे त्या दिवशी कोणाला सांगायला नको होते.

रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ ला गेली. पायलच्या प्रकरणाचा खटला न्यायालयात आहे, त्यावर निकाल देणे आमचे काम नाही. पण त्या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा त्यांनी मेंदूची तपासणी मागितली नाही. कॉलेजांत जातिभेद रोखणारी यंत्रणा खरोखर काम करते का, हे विचारले. गोल्डबर्गरने ताटाकडे पाहिले, त्यांनी वसतिगृहाकडे पाहिले.

समुपदेशनाच्या कामात आमच्या हातात जे फॉर्म येतात, त्यांत झोप किती, भूक किती, घरात कोणाला आजार होता का, असे रकाने असतात. शिष्यवृत्ती किती महिने थकली, वसतिगृहात ताट वेगळे ठेवतात का, गाइड भेटायला वेळ देतो का, याला रकाना नसतो. आम्ही तो हाताने आखतो. त्या हाताने आखलेल्या रकान्यात जे लिहिले जाते, त्यावर कारवाई करता येते. अर्ज करता येतो, समाजकल्याण कार्यालयावर जाता येते, ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल करता येतो. मुलाला डॉक्टरकडेही नेता येते. दोन्ही करावे लागते, आणि एकाच आठवड्यात करावे लागते.

यासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येक कार्यकर्त्याने जवळ ठेवावा. कलम ३ सांगते की राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थितीवरून किंवा विशिष्ट सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटातला आहे म्हणून कोणालाही मनोरुग्ण ठरवता येणार नाही. समाजाच्या रूढ मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरूनही नाही. कलम ९५ साखळीने बांधण्यास आणि मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास मनाई करते. १९९४ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली होती, हे ज्यांना आठवते त्यांना या कलमाची किंमत कळेल. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवता येत नाही. कायदा ‘ताण’ हा शब्द वापरतो. ताण कोणी दिला, हे विचारायला त्या कलमाने दार उघडे ठेवले आहे. पोलीस ठाण्यात जबाब नोंदवताना ‘मयत नैराश्यात होता’ हे वाक्य आधीच टाइप होऊन येते. नातेवाइकांकडून सही घेण्याआधी ते वाचून दाखवायला सांगा, आणि थकलेल्या शिष्यवृत्तीची तारीख त्याच जबाबात लिहून घ्या. रात्रीबेरात्री कोणी एकटे असेल, मन फार खचले असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते.